दुकानाची धर्माची आई

आमच्या बोलिव्हियातल्या कोचाबांबात नवी वस्तू पोरकी ठेवत नाहीत. घर बांधलं, गाडी घेतली, पोरांच्या फुटबॉल संघाला सदरे शिवले, तरी त्याला धर्माची आई नाहीतर बाप लागतो. तेव्हा चिलीच्या एका कंपनीनं बाजारासमोर भांड्याकुंड्यांचं मोठं दुकान थाटलं, त्यालाही आई हवीच होती.

कंपनीची पेरूत, लिमा शहरात दुकानं होती, आमच्या देशातलं हे पहिलंच. परक्या मुलखात शिरताना तिथलं एखादं माणूस आपलंसं करावं, असं सांतियागोच्या मुख्य कचेरीतून ठरून आलेलं. व्यवस्थापक इग्नासिओ उरुतिया तिशीतला, नम्र पोरगा. त्यानं चौकशी केली, तर जो तो एकच नाव सांगे : दोन्या, म्हणजे बाईसाहेब, लेओकादिया. लग्न झाल्यापासून ती बाजाराच्या तोंडाशी पातेली नि बादल्या विकत बसलेली. नवरा गेला, मुलगा शिवणकामाला अर्जेंटिनात गेला, तिनं गाळा सोडला नाही.

ती स्वतः भांडीच विकते, हे इग्नासिओला दिसत होतं. पण त्याला वाटलं, फीत तर कापायची आहे. तिला मात्र नाही म्हणवेना. धर्माची आई व्हायला कुणी बोलावलं तर नकार देणं आमच्याकडे पाप. सणाचा घोळदार परकर नेसून ती आली, मारियामातेचं नाव घेतलं, उंबऱ्यावर चिचा, म्हणजे मक्याची दारू शिंपडली, भिंतीवर हात ठेवला. मग दुकानात कामाला असलेल्या सगळ्या मुलींना स्वतःच्या पैशानं जेवायला घातलं.

हळूहळू तिची विक्री निम्म्यावर आली. गिऱ्हाईक विचारी, समोरचं दुकान कसं आहे? ती म्हणे, चांगलं आहे, जा. आपल्या लेकराची निंदा कशी करायची? रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती तिकडे जायची, फळ्यांवरच्या धुळीवरून मुलींना बोलायची, आणि जेवलात का, म्हणूनही विचारायची.

शेजारच्या गाळ्यावरची सेनोबिया तिला सोडत नसे. "तुझं बाळ चांगलंच बाळसं धरतंय गं. तू मात्र वाळत चाललीस."

"आयांचं तसंच असतं," लेओकादिया म्हणायची.

आपल्यातलीच बाई परक्या दुकानाची आई झाली, म्हणून शेवटी बाजारातल्या विक्रेत्यांच्या संघानं तिला सभेत बोलावलं. तिनं हे नातं सगळ्यांदेखत तोडावं, नाहीतर तोंडावरचा गाळा सोडावा, असं ठरलं. त्या गाळ्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं. ती उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मातेचं नाव घेऊन शिंपडलेली चिचा आता परत भांड्यात कशी भरू?"

तेव्हा संघानं तिला ऑगस्टातल्या मारियामातेच्या सणापर्यंत मुदत दिली.

इकडे कंपनीच्या हिशेबानं दुकानाचंही बरं चाललं नव्हतं. आमच्याकडे लग्न-बारशासारखं एखादं कार्य निघालं की अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक होतो. दुकानातली पातेली चौघांपुरती. मोठी पातेली पाठवा, असं इग्नासिओ सांतियागोला कळवून थकला. लिमात खपतं ते तिथंही खपेल, एवढंच उत्तर येई. सणाच्या तोंडावर दुकान बंद करायचा हुकूम आला.

तो स्वतः गाळ्यावर सांगायला आला. म्हणाला, "दोन्या, आता तुम्ही सुटलात."

"आणि मुली?"

कायद्यानं द्यायचं ते कंपनीनं दिलं होतं. त्याची स्वतःची बदली पॅराग्वेत, असुन्सिओनला, नव्या दुकानावर झाली होती.

"आईबाप गाव सोडून गेले की लेकरू कुणाकडे जातं, इग्नासिओ?"

"धर्माच्या आईकडे," तिनंच सांगून टाकलं. तिनं त्याला वाटेत खायला पाव बांधून दिला. त्याच्यावर तिचा राग नव्हता.

दुकानच उरलं नाही, तेव्हा संघाचा हट्टही राहिला नाही. तिचा गाळा वाचला. सेनोबिया म्हणाली, आता ऐसपैस बस. पण सण झाल्यावर लेओकादियानं त्या मुलींना हाताला धरून बाजारभर फिरवलं आणि गाळ्यागाळ्यावर एकेकीला कामाला लावलं. सेनोबियाच्याही पदरात एक घातली. ती कुरकुरली, तर म्हणाली, "गप घे. उपकार नको समजूस, भाची समज."

दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी योवाना पोटुशी होती, तिला कुणी घेईना. तिला हिनं आपल्याच गाळ्यात स्टूल मांडून दिलं. आता दोघी अर्ध्या अर्ध्या जागेत अंग चोरून बसतात. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की योवाना अजूनही म्हणते, किंमत ठरलेली आहे. मग लेओकादिया तिला कोपरानं ढोसते आणि हसत हसत दोन बोलिव्हियानो कमी करते.