बोचकं मीच सोडलं होतं

वाकळीच्या पोटात काय असतं ते बघायची मला लहानपणापासून खोड. वरचं लुगडं आणि खालचं धोतर सगळ्यांना दिसतं. मधले चार-पाच थर मात्र एकदा टाके पडले की कुणाला दिसत नाहीत. कुणाचा परकर, कुणाचं बाळुतं, कुणाचा फेटा. माहेरी मी जुन्या वाकळीची शिवण बोटानं फाकवून आत बघायची आणि आईचा मार खायची.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी सोलापुरात आले. आमची चाळ गिरणीच्या मागं होती. दुपारचा भोंगा झाला, पुरुष पाळीला गेले, की सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या पडवीत वाकळ पसरायची. तिला सगळ्या अव्वा म्हणायच्या. ती घरात कन्नड बोलायची आणि रागवायची मात्र मराठीत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “गावभर चादरी विणतात, मग आपण चिंध्या का पांघरायच्या?”

“चादर इकायला असती गं,” अव्वा म्हणाली. “अंगाला वाकळच लागती.”

चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेकडून धावदोरा घालत मध्याकडे सरकायच्या. चाळीतली प्रत्येक बातमी त्या वाकळीवर यायची. कुणाला दिवस गेले, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा नवरा कुठं दिसला. बातमीच्या भरात कुणी लांब टाके घातले की अव्वा म्हणायची, “बातमी मोठी हाय म्हणून टाका मोठा घालू नगंस.” मी नवी सून, मला सगळंच नवं. मी शिवायची कमी, ऐकायची जास्त.

तिथं एक रीत होती. कापड ज्याचं, पहिली फाड त्याची. नवऱ्याचा सदरा वाकळीत घालायचा तर त्यानंच आधी तो हातानं थोडा टरकवून द्यायचा. मगच बाईनं पुढं फाडायचा. माणूस गेलेला असेल तर त्याच्या सदऱ्याची कॉलर आधी कात्रीनं उतरवायची. म्हणून बिनकॉलरीचा सदरा दिसला की बायका हात जोडून तो आतल्या थरात ठेवायच्या, आणि कुणी काही विचारायचं नाही.

आमच्या शेजारणीचा नवरा गिरणीत बदली कामगार होता. दुष्काळात काम सुटलं तसा तो भिवंडीला यंत्रमागावर गेला. आधी पत्रं आली, मग थांबली. मागं राहिल्या सासू आणि सून. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मुलाचे कपडे ती ट्रंकेत कुलूप लावून ठेवायची आणि अधूनमधून हुंगायची. सून माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, बार्शीची. कमी बोलणारी. तिच्या वाकळीची पाळी पुढच्या आठवड्यात होती. एका सकाळी ती कपड्यांचं बोचकं घेऊन माझ्याकडे आली.

“तुमच्याकडं राहू द्या चार दिस. आमच्या आत्याबाई सगळं चाचपत बसत्यात.”

बोचकं तिनं माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवलं. मी दुपारपर्यंत दम धरला. भाकरी झाल्या, भांडी झाली, माझी नजर त्या गाठीवरून हलेना. तिच्या वाकळीच्या पोटात काय जाणार? मग गाठ सोडलीच. दोन लुगडी, एक उशीची खोळ, आणि घडी घातलेला निळ्या रेघांचा सदरा. मी घडी झटकून सदरा उचलून धरला. कॉलर नव्हती.

काय वाटलं ते खरं सांगते. दुःख नंतर वाटलं. आधी वाटलं, हे चाळीत फक्त मला कळलंय.

बोचकं होतं तसं बांधून ठेवलं, पण ती गोष्ट माझ्या पोटात एकच दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी नळावर एकीला सांगितलं, गाठीच्या फटीतून दिसलं म्हणाले, कुणाला सांगू नका असंही सांगितलं. संध्याकाळच्या आत तिच्या सासूच्या कानावर गेलं. ती भिंत धरत आमच्याच दारात आली, बोचक्यातून सदरा ओढला, गळ्याभोवती बोटं फिरवली आणि किंचाळली, “जित्या लेकाची कॉलर कातरली हिनं! हिला बातमी कळली व्हती, आनि माझ्यापास्नं लपवली! न्हाईतर त्याचं मरान मागती ही!”

सून धावत आली. “आत्याबाई, कातरली न्हाय वो. उसवलीया. ट्रंक उघडी व्हती तवा सदरा काढला. कॉलर झिजली व्हती, उलटी करून बसवनार व्हते. त्ये आल्यावर घालायला.”

तेव्हा असंच करायचे. कॉलरीची वरची बाजू विरली की ती उसवून, पालथी करून पुन्हा बसवायची. सदरा आणखी दोन वर्षं निघायचा.

“मग दाव की कॉलर!”

तिनं बोचकं उपसलं. लुगडी झटकली, खोळ उलटी केली. कॉलर नव्हती. अव्वा म्हणाली, सदरा इकडं दे, उसवली असंल तर टाक्याची भोकं दिसत्याल, बघू. पण म्हातारीनं तो छातीशी आवळला होता, सोडेना. मग सून माझ्याकडे वळली.

“वैनी, बोचकं तुमी सोडलं व्हतं का?”

सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हणाले, “मी हातसुद्धा लावला नाही.”

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला बार्शीला घेऊन गेला.

त्यानंतर आठवड्याभरानं पिठाचा डबा झाडायला सरकवला. मागं भिंतीला लागून कॉलर पडलेली. मी सदरा झटकला तेव्हा घडीतून उडाली असणार. पालथी करून कच्चा दोरा घातलेला, कडा एकसारख्या दुमडलेल्या. मी ती उजेडात नेऊन बराच वेळ बघितली. इतका बारीक टाका आमच्या चाळीत कुणाचा नव्हता. लगेच शेजारी जायला हवं होतं. पण मग बोचकं कुणी सोडलं ते सांगावं लागलं असतं. उद्या जाऊ म्हणत मी कॉलर माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवली.

दिवाळीनंतर तिचा नवरा परत आला. हात यंत्रात सापडला होता, बरेच महिने दवाखान्यात होता, म्हणून पत्र नाही. आईनं सगळं सांगितलं तसा तो बार्शीला जाऊन आला. एकटाच आला. नंतर आमच्या दारात उभा राहिला, उजवा हात खिशात.

“वैनी, ती येत न्हाय. म्हनती, ज्या बायांसमोर मला बोललं, त्यांच्यासमोर आईनं कबूल करावं. आई म्हनती, कॉलर दावा, मग करते. ती म्हनती, कॉलर तुमच्याच घरात कुटंतरी पडली असंल. एकडाव बघा की. मी थांबतो.”

“बघते हो भाऊजी, बसा,” मी म्हणाले.

पिठाचा डबा सरकवला. त्याला आवाज जावा म्हणून जोरात सरकवला. फडताळातले डबे खाली घेतले, परत लावले. चुलीमागं वाकून बघितलं. मग आतल्या खोलीत गेले आणि ट्रंक उघडली. शालूखाली हात घातला. कॉलर बोटांना लागली. बाहेर तो माझ्या सासूबाईंशी भिवंडीच्या पाण्याबद्दल बोलत होता. ‘आज सापडली बघा’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कधी सापडली ते त्यानं विचारलंही नसतं. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. नंतर सुचलं असं आजवर स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. पण बाहेर जाऊन ती त्याच्या हातात ठेवली की तो तिथंच ती उलटसुलट करून बघणार, आणि माझ्या तोंडाकडेही बघणार, असं वाटलं.

ट्रंक लावली. पदरानं हात पुसत बाहेर आले.

“नाही हो. सगळं बघितलं.”

“असू द्या,” तो म्हणाला, “तुमाला उगं तरास.” आणि चपला घालून गेला. ती बार्शीहून कधीच परत आली नाही.