फळी म्हणजे केडर

चूक माझी होती. रिपोर्ट पाठवणाऱ्या कॉन्स्टेबलची नव्हती, आमच्या साहेबांचीही नव्हती. एका शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता आणि मी तो कुणाला विचारला नाही. त्यापायी कुरखेड्याच्या बाजूचे एक प्राथमिक शिक्षक, मेश्राम गुरुजी, सस्पेंड झाले.

१९८६ चा उन्हाळा होता. मी चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत ट्रान्सलेटर होतो. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तिकडचे बरेच कागद अजून आमच्याकडेच यायचे. काम साधं होतं. कुठे सभा झाली, कोण काय बोललं, याचे रिपोर्ट खेड्यापाड्यांतून मराठीत यायचे. त्यांचं इंग्रजी करून मी वर द्यायचो. वर म्हणजे मुंबईला, कधी दिल्लीला. इंग्रज जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, पण आपल्याच माणसांवर संशय घ्यायचा तर तो इंग्रजीतच घ्यावा लागे. छापील फॉर्मसुद्धा त्यांच्याच काळातला होता.

जंगलात तेव्हा आंध्रातून नक्षलवादी येऊ लागले होते. कचेरीत प्रत्येक कागद उलटासुलटा करून वाचला जाई. मलाही ती सवय लागली होती. साधं हळदीकुंकवाचं आमंत्रण हातात आलं तरी मी त्यात दुसरा अर्थ शोधला असता.

त्या रिपोर्टात तीनच वाक्यं होती. आठवडी बाजारात गुरुजी लोकांना म्हणाले होते, "गावोगाव फळी तयार हाये. उद्या सारे फळीवर या. अमेरिकेच्या बाँबची गोष्ट सांगतो."

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे फळी एक तर लाकडाची असते, नाहीतर माणसांची. कार्यकर्त्यांची फळी, पक्षाची दुसरी फळी. लाकडाच्या फळीवर सारा गाव कसा येणार? मी लिहिलं, ‘केडर इज रेडी इन एव्हरी व्हिलेज.’ पुढे लिहिलं, उद्या सर्वांनी या केडरमध्ये यावं, तिथे अमेरिकन बाँबचं इन्स्ट्रक्शन मिळेल.

लिहिताना मी अडखळलो होतो, हे कबूल करतो. माझ्या टेबलापासून चार पावलांवर आमचा शिपाई बसायचा, गडचिरोलीतल्या वडशाकडचा. त्याला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण शिपायाला मराठी शब्द विचारायचा म्हणजे कमीपणा वाटला. शिवाय ‘केडर’ हा शब्द मला फार नेमका वाटला होता.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "जाधव, शुअर आहात ना?"

"हो, सर."

"बाँब?"

"तसंच लिहिलंय, सर."

कागद त्याच दिवशी वर गेला. तिसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन जीपने कुरखेड्याला गेले. गुरुजींना गावातून, सगळ्यांच्या देखत, उचलून रेस्ट हाऊसवर आणलं होतं. पन्नाशीचा किरकोळ माणूस. पांढरा सदरा, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र.

"तुमची फळी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाल्याच्या पलीकडं, साहेब. मोहाच्या झाडांपाशी."

"माणसं किती?"

"शंभर-सव्वाशे. बाया जास्त."

"बायकासुद्धा?"

"बायाच तर खरं काम करते, साहेब. माणसं बिड्या फुकत बसते."

"चालवतो कोण?"

"मुनशी. पण ठेकेदार आंध्रातला हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आंध्र. लिहून घ्या." मग पुन्हा गुरुजींकडे वळले. "कामाला कधी निघतात?"

"पहाटे. ऊन व्हायच्या आत पानं तोडून आणा लागते ना."

"कसली पानं?" हे मी विचारलं.

"तेंदूची, भाऊ. बिडीची. तोडून आणते, पुडके बांधते, अन् फळीवर नेऊन देते. मैदानात वाळत घालते थे. त्या जागेलेच फळी म्हनते." गुरुजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले माहीत नाई?"

मी मान खाली घातली. साहेबांनाही कळलं असावं, पण त्यांनी सूर बदलला नाही. "मग बाँबचं काय?"

"मले सायकलचं पंक्चर काढता येत नाई, साहेब. बाँब कायचा?" गुरुजींनी वर्तमानपत्र उलगडलं. अमेरिकेने लिबियावर केलेल्या बाँबहल्ल्याची बातमी होती. पडलेल्या घरांचा फोटो होता. "बायांनी विचारलं, गुरुजी, हे काय होय? मी म्हटलं, फळीवर सारे भेटता, तिथीच वाचून दाखवतो. अमेरिकेची विमानं इंग्लंडातून उडाली, साहेब. ज्या इंग्रजानं आपल्याले आपल्याच जंगलात चोर ठरवलं, त्याच्याच जमिनीवरून. कारण काय, तर तिथी अतिरेकी हायेत. आता जे लेकरू घरात झोपून होतं, थे अतिरेकी होय का नोय, कोणी जाऊन विचारलं काय?"

"तुम्हाला काय करायचंय लिबियाचं?"

"दिल्लीनंबी निषेध केला ना, साहेब? मंग मी काऊन नाई बोलायचं?"

साहेब उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, "गेलेला कागद परत बोलवता येत नाही. लोकल शब्द आहे म्हणून कळवलं, तर आपण दोघंही वेडे ठरू. तुम्ही काही बोलू नका."

मी बोललो नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिल्या वेळी मला अर्थ ठाऊक नव्हता. आता ठाऊक होता.

गुरुजींना त्या दिवशी सोडलं, पण पंधरवड्यात वरून सस्पेन्शनची ऑर्डर आली. त्यात माझीच इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी होती. जून गेला, जुलै गेला. मग एक दिवस शिपाई माझ्या टेबलाशी आला. "भाऊ, कुरखेड्याच्या अंगाले एका शाळेले कुलूप हाय म्हनते. एकच मास्तर होता. त्याले तुमच्या कागदानं घरी बसवलं."

त्याला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने नोट लिहिली. फळी म्हणजे तेंदूपानं वाळवायची जागा. भाषांतर चुकीचं, जबाबदारी माझी. साहेबांनी नोट घेतली आणि पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला मेमो मिळाला. गुरुजींना कामावर घेतलं, पण बदली केली थेट सिरोंचाला, तेलुगू मुलखात.

या धंद्यात मी त्यानंतर बरीच वर्षं काढली. शब्द कळला नाही तर तो आहे तसा कागदावर ठेवायचा आणि माहीतगाराला विचारायचं, एवढंच त्यातून शिकलो. हे शिकायला दुसऱ्याची नोकरी पणाला लागली.

गुरुजी सिरोंचाला निघायच्या आधी मी त्यांच्या गावी गेलो. ते ट्रंकेत पुस्तकं भरत होते. मी सगळं सांगितलं. ते पुस्तकं भरतच राहिले.

"चिमूरच्या लोकांवरबी बेचाळीसच्या उठावात असाच कागद लिहिला असन कोणी," शेवटी म्हणाले. "इंग्रजीतच. अन् लिहिणारा आपलाच असन." मग उठले. "मले माफी नका मागू, भाऊ. मले साऱ्या गावासमोरून नेलं. लोकं अजून माझ्या घरी याले भेते. त्यांच्यासमोर सांगा."

शाळेच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली. केडर म्हणजे काय, हे मी समजावून सांगितलं. एक म्हातारी गोंड बाई पुढेच बसली होती. तिने विचारलं, "म्हंजे आमी पानं तोडणाऱ्या बाया फौज होय?"

"मी तसं लिहिलं होतं, बाई."

"मंग आमच्या बंदुका कुठी हायेत? तुमच्या कचेरीत राह्यल्या काय?"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होते. हसू थांबेपर्यंत मी उभा राहिलो.

"मेश्राम गुरुजींनी काहीही केलेलं नाही," मी म्हणालो. "त्यांनी तुम्हाला पेपर वाचून दाखवला. तुमचा शब्द मला कळला नाही, आणि कळल्यावरही मी तीन महिने गप्प बसलो. मी भ्यालो होतो. गुरुजी, मी तुमची माफी मागतो."