जेवली का वो माय?

मी अमेरिकेत नोकरीला आणि आई अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या खेड्यात. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा मी हौसेनं तिला कॅरिबियन बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये नेलं. तिथं पैसे एकदाच आधी भरायचे. मग मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी बांधतात आणि चार दिवस खा, प्या, लोळा, कुणी काही विचारत नाही. पट्टीकडे बघून आई म्हणाली, "दवाखान्यात भरती केलं का रे मले?"

समुद्र तिनं एकदा पाहिला आणि पाठ फिरवली. तिचा जीव रमला जेवणघरात, भाताच्या काउंटरवर. तिथं भात आणि राजम्यासारखे दाणे एकत्र शिजवलेले असत. धानाच्या मुलखातली बाई ती. एक शीत बोटांत चिरडून, तांदूळ जुना आहे, असा निकाल तिनं देऊन टाकला. वाढणारी बाई पन्नाशीची, पाय सुजलेले, सकाळपासून उभी. आई दिसली की ती एक डाव जास्त घाली.

आईची एक खोड आहे. लग्न असो की तेरवी, वाढणारीला "तू जेवली का?" विचारल्याशिवाय ती हात धूत नाही. तिथंही तिनं तेच चालवलं. "जेवली का वो माय?" त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, की मी इंग्रजीत सांगायचो, आई म्हणते भात छान झालाय. असलं कुणी विचारत नाही इथं, एवढं मला कळत होतं आणि त्या शहाणपणाचा मला तोराही होता.

तिसऱ्या दिवशी मी ज्यूस आणायला गेलो. परत येतो तर काउंटरमागे आई! लुगड्याचा पदर खोचलेला, हातात डाव, गोऱ्या पाहुण्यांना भात वाढतेय. ती बाई मागे उलट्या क्रेटवर बसून जेवत होती. आईनं तिला खुणेनंच बसवलं असणार, दंडाला धरून. पाहुणे हसत होते, एकदोघांनी फोन काढले. माझे कान तापले.

तेवढ्यात मॅनेजर आला. बाई तोंडात घास तसाच ठेवून उभी राहिली. त्यानं मला अगदी अदबीनं विचारलं, "सर, तुमची आई स्वतःहून आत गेली का?"

बाई माझ्याकडे बघत होती. एक 'हो' पुरला असता. पण ही डाव घेतलेली म्हातारी आपण होऊन तिथं गेली, हे त्या लोकांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नाही. यांनीच बोलावलं असेल. आईला इंग्रजी येत नाही."

बाईनं घास गिळला. 

दुसऱ्या दिवशी भातावर दुसरीच होती. "काऊन रे, थे बाई दिसून नाई राहिली?" आईनं विचारलं. मी म्हणालो, "सुट्टीवर गेली." मॅनेजरला गाठून खरं सांगायला आख्खा दिवस हातात होता. मी तो पोहण्यात घालवला.

गेल्या महिन्यात गावी गेलो. मी जेवायला बसलो होतो आणि आई शेजारच्या काकूंना रिसॉर्टची गोष्ट सांगत होती. समुद्र त्यात नव्हताच. "सायब तिच्यावर लय तापला होता वो. पण माया पोरगा असा फडाफडा इंग्रजी बोलला तिच्याकडून, सायब चूपच झाला. तिले सुट्टी भेटली."

काकूंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. पानात भात होता. मी मान खाली घालून तो कालवत राहिलो.

काकू गेल्यावर तरी आईला खरं सांगायचं होतं. "जेवली का तू?" मी आईला विचारलं. आईनं मला हे आयुष्यभर विचारलं होतं, मी तिला पहिल्यांदाच.

ती खूश झाली. "तू जेव आधी," म्हणाली आणि अजून एक डाव वाढला.