पाच वेळा धुतलेला पाय

"करंगळी वाचेल का, ते आज सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा डावा पाय त्यांच्या हातात होता आणि मी ओशाळून भिंतीकडे बघत होतो. बासष्ट वर्षांत माझ्या पायांना कुणी नावं ठेवली नव्हती.

बुधवार पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंगही मला दिसते. चौदा वर्षांच्या मधुमेहात स्वतःचे पाय मात्र एकदाही निरखले नव्हते. निरखायचे कशाला? पाच वेळा नमाज, पाच वेळा वजू, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. माझ्याइतके स्वच्छ पाय अख्ख्या पेठेत कुणाचे नसतील, असा माझा तोरा होता.

तो उतरला एका मोज्यामुळे. कपडे धुताना बायकोला मोज्यावर पिवळट डाग दिसला. तिने मला खुर्चीत बसवलं आणि पाय बघितला. करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून फाटली होती, पावलावर सूज चढली होती.

"अहो, दुखत नाही का?"

मुळीच दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार, असं मी म्हणालो. तिने वाद न घालता रिक्षा बोलावली.

दवाखान्यात मोनोफिलामेंट टेस्ट झाली. नायलॉनचा बारीक तंतू पायाला टेकवतात. आपण डोळे मिटून, जाणवलं की 'हो' म्हणायचं. टेस्ट कधी सुरू होते, याची मी वाट बघत बसलो. ती संपली होती. याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखरेने नसा बधिर होतात आणि जखम झाली तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

"पाय किती वेळा धुता, चाचा?"

"पाच वेळा," मी ऐटीत म्हणालो.

"आणि पुसता किती वेळा?"

दुकानात परतायच्या घाईत मी ओल्या पायांवरच मोजे चढवायचो. त्या ओलीत बुरशी धरली, कातडी फाटली आणि तिथून इन्फेक्शन आत शिरलं.

आठ दिवस ॲडमिट होतो. पायावरच्या लालीच्या कडेने डॉक्टरबाईंनी पेनाने रेघ ओढली. लाली रेघेबाहेर पसरत गेली तर करंगळी काढावी लागणार होती. दोन दिवस मला तिकडे बघायचा धीर झाला नाही. बायकोच बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लाली आत सरकलीय." मी रडलो, लपवत नाही.

मधुमेही मंडळींनो, पाय देवळात धुवा नाहीतर मशिदीत, पण बेचकी कोरडी करा. तळवे रोज बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. क्रीम लावा, बोटांच्या मधे मात्र नको. फोड दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखायची वाट बघू नका, ते दुखणारच नाही.

मी आता खिशात सुती रुमाल ठेवतो. वजू केल्यावर एकेक बेचकं पुसतो. "नवरदेवाचे पाय का?" म्हणून मशिदीत दोस्तांनी चेष्टा केली. आता त्यातले तिघे स्वतःचे रुमाल आणतात.

गेलेली संवेदना परत आलेली नाही. करंगळी मात्र आहे, बायकोच्या कृपेने. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टरबाई एका नव्या पेशंटला समजावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चाचा, यांना जरा पाय दाखवा. पाय असा ठेवायचा असतो."

मी मोजा काढून पाय पुढे केला. शाळेत माझा कधी पहिला नंबर आला नाही. तो त्या दिवशी आला.