बाईंच्या प्रश्नांचा ग्राफ

पौष लागला तसं खराडीच्या काचेच्या इमारतींवर धुकं उतरायला लागलं होतं. दहा वाजून गेले तरी ते हलायचं नाही. नदीकाठची हवा, नुसती हाडात शिरायची. सुदर्शन इंगोले स्वारगेटहून कंपनीच्या बसने आला, कानटोपी खिशात कोंबली आणि गिऱ्हाईक असलेल्या एका दूध कंपनीचे आकडे साफ करायला बसला. कुठल्या संकलन केंद्रावर किती दूध आलं, फॅट किती लागलं, हे सगळं केंद्रावरची माणसं भरायची आणि घाईत एका रकान्यातलं दुसऱ्यात टाकायची.

"साडेतीन लिटर दूध अन् चारशेचं फॅट," तो पुटपुटला. "म्हैस हाय का तुपाचा डबा?"

शेजारी बसलेला केदार खुदकन हसला. केदार सदाशिव पेठेतला. त्याला सुदर्शनचं वऱ्हाडी फार आवडायचं, आणि केदारला हसवणं सुदर्शनला फार आवडायचं. वाशिमहून आलेल्या पोराला या शहरात एवढी एकच गोष्ट फुकट जमली होती.

तशी सुरुवात वाईट झाली होती. पहिल्याच मीटिंगमध्ये तो "मले वाटते" म्हणाला आणि टेबलाभोवती हशा पिकला. त्या वेळी सुहासिनी आगटे चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या होत्या, "त्याला 'मले' म्हणू द्या. तुमचं 'आय मीन' मी ऐकतेच ना दिवसभर?" हशा तिथेच विरला. आगटेबाई आधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या, मग कंपनीत आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, सुदर्शन 'बाई' म्हणायचा. ग्राफ कसा काढायचा ते त्याला बाईंनीच शिकवलं. अक्षाला नाव द्यायचं राहिलं की म्हणायच्या, "बारसं व्हायचंय का अजून याचं?"

आणि त्याच बाई गेल्या गणपतीपासून मीटिंगमध्ये एकच प्रश्न पुन्हा विचारायला लागल्या होत्या. उत्तर घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न, तेच शब्द. पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची. सुदर्शन मोबाइलवर मोजून ठेवायला लागला. कशासाठी, तर केदार हसतो म्हणून.

त्या सकाळी आकडे साफ झाले आणि केदारनेच काडी टाकली. "काढ की रे मॅडमचा ग्राफ."

सुदर्शनने टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप केली. महिन्यांचा आडवा अक्ष, प्रश्नांचा उभा अक्ष. त्या पडद्यावरून काढलेल्या ग्राफात मराठी अक्षरं मोडून पडायची, म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत दिलं: 'सु. आ. : तोच प्रश्न पुन्हा'. शेवटचे दोन खांब जरा बुटके वाटले, म्हणून त्याने आकडे हातानेच फुगवले. चेष्टेचा खांब कसा उंच पाहिजे.

आता या कामात ग्राफ काढणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. काढलेला ग्राफ नवरीसारखा आतल्या खोलीत बसून राहतो. 'शो' म्हटलं की बाहेर येतो, आणि मग जेवढे आत बसलेले असतील तेवढे सगळे एकदमच येतात. सुदर्शन 'शो' टाइप करणार एवढ्यात मॅनेजर श्रीनिवास सर मागे येऊन उभे राहिले.

"चला, दूधवाले आलेत. लॅपटॉप घे. आहे तसाच घे, वेळ नाही."

त्याने आहे तसाच घेतला.

मीटिंगच्या खोलीत दूध कंपनीचे दोन पाहुणे, सर, आगटेबाई आणि दाराजवळ केदार. सुदर्शनने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि त्याच काळ्या पडद्यावरून, दुधाचे ग्राफ काढायच्या आधीच लिहून ठेवलेल्या ओळींची स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टच्या शेवटी 'शो' होताच. भिंतीवर खिडक्या एकावर एक उघडल्या: दूध, फॅट, आणि सगळ्यांच्या वर बाईंच्या प्रश्नांची.

पाहुण्यांना वाटलं असेल, असेल काहीतरी. सर पुढे वाकले. "हे काय आहे?"

"टेस्टचा डेटा आहे, सर," सुदर्शन म्हणाला. कान तापून लाल झाले होते. खिडकी बंद करायला गेला, तर बोट दुसरीकडेच पडलं आणि ती अख्ख्या भिंतीभर पसरली.

केदार मोबाइलमध्ये मान घालून बसला.

बाई वाचत होत्या. त्या वाचतात कशा ते त्याला ठाऊक होतं. आधी आडवा अक्ष, मग उभा, मग नाव. नावाशी त्यांची नजर थांबली. मग चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"चाचणीचाच आहे," बाई पाहुण्यांना म्हणाल्या. "पोरं नवं शिकताना काढतात असलं. पुढचा दाखव, सुदर्शन."

पुढचा अर्धा तास तो फॅटबद्दल काय बोलला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पाहुणे खूश होऊन गेले. सर "गुड" म्हणून गेले. केदार तर आधीच सटकला होता. सुदर्शन वायर गुंडाळायला लागला. बाई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या.

"बाई, मी..."

"तो आलेख मला मेल कर."

त्याला वाटलं, आता हा सरांकडे जाणार, मग एचआरकडे. जाऊ दे, लायकीच आहे आपली. "बाई, पाया पडतो, माफ करा. मले अक्कल नाही."

"ते मला माहीत आहे. त्याला आलेख लागत नाही." बाईंनी समोरचे कागद सारखे केले. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आम्ही हसण्यावारी नेलं. मला अधूनमधून शंका यायची, पण विचारणार कुणाला? घरी बोलले तर मुलगा म्हणतो, 'आई, काहीतरीच काय तुझं.' तू मोजलंस. डॉक्टरांना दाखवते."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुदर्शनला वाटलं.

"शेवटचे दोन फारच उंच आहेत," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. भिंत आता कोरी होती. "इतकं झालंय?"

गप्प बसला असता तर निभावलं असतं. बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. पण त्या खोट्या खांबांकडे बघून बाई घाबरल्या होत्या, आणि तेच खांब घेऊन दवाखान्यात जाणार होत्या.

"नाही झालं," तो म्हणाला. "ते दोन म्या वाढवले, बाई. हसू यावं म्हणून. बाकीचे खरे हायेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ शाबूत राहिलेला त्यांचा चेहरा आता उतरला. पोरं चेष्टा करतात हे त्यांनी तेवीस वर्षं वर्गात सोसलं होतं. आकडा खोटा लिहिलेला मात्र त्यांना सोसवेना.

"मी तुला हे शिकवलं?"

सुदर्शनने गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली.

"खरे आकडे आहेत का तुझ्याकडे?"

"मोबाइलमध्ये आहेत."

"बस. पुन्हा काढ."

त्याने लॅपटॉप उघडला. बाई शेजारी येऊन बसल्या आणि तो एकेक ओळ टाइप करत गेला. शेवटचे दोन आकडे त्याने मोबाइलमध्ये बघून टाकले. ते वाढवलेल्यापेक्षा कमी होते, पण मागच्या महिन्यांपेक्षा जास्तच. नावात काय लिहायचं, त्याला सुचेना.

"माझं नाव पूर्ण लिही," बाई म्हणाल्या. "लाजायचं तुला आहे, मला नाही."

त्याने लिहिलं. मग 'शो' टाइप केलं आणि एंटर दाबायला बोट उचललं, पण ते खाली जाईना. शेवटी बाईंनीच दाबलं.

पायऱ्या चढत गेल्यासारखे खांब, फार उंच नाहीत, पण चढतेच. बाईंनी आधी आडवा अक्ष वाचला, मग उभा, मग नाव.

"केंद्रांचे आकडे रोज येतात की आठवड्याने?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न त्यांनी मघाशी पाहुण्यांसमोर विचारला होता.

"रोज येतात, बाई," तो म्हणाला. मोबाइल टेबलावरच होता. त्याने तो उपडा करून ठेवला.

बाई पर्स उचलून निघून गेल्या. सुदर्शनने मेल पाठवला आणि डबा घेऊन पँट्रीत गेला. डबा तसाच भरलेला होता. भाजी गार होऊन तेल थिजलं होतं. त्याने उभ्या उभ्याच दोन पोळ्या कशाबशा गिळल्या, आणि नळाखाली बोटाने घासघासून डब्याच्या कडेचं तेल काढत राहिला.