उभ्याने पाहिलेला सिनेमा

परवा संध्याकाळी मी घरी एक चिनी सिनेमा बघत होते. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने इस्त्री करणाऱ्या एका बाईची गोष्ट. आमच्या फिल्म क्लबात त्यावर बोलायचं म्हणून मांडीवर वही होती. ती बाई घरी येते, शेगडीपाशी उभी राहते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मी वहीत लिहिलं, 'संयत अभिनय'.

"सारखी पाय बदलतेय बघा," मागून मंगलताई म्हणाल्या. त्या बारा वर्षं आमच्याकडे पोळ्या करतात. काम आटपून दाराच्या चौकटीशी कधीपासून उभ्या होत्या, मला कळलंच नाही. "दिवसभर उभं राहिलं की घरी आल्यावरही पाय तसंच करतात."

खालच्या इंग्रजी ओळी त्यांना वाचता येत नाहीत. त्यांचं काही अडलंही नव्हतं. मी खूश होऊन त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं, जणू माझंच. मग वळून पाहिलं. मंगलताई एका पायावर भार टाकून, दुसरा जरासा उचलून उभ्या होत्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स होती. दूरदेशीच्या बाईचे पाय दुखताना मला इथून दिसत होते, आणि या घरात मंगलताई कधी बसल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

मी घाईघाईने पर्स उचलली. "बसा ना."

"नको वहिनी. आता बसले तर मग उठवत नाही."

पाय बदलून त्या पुन्हा सिनेमा बघू लागल्या. मी बसलेलीच होते.