माणिकरावांच्या जीपमागचा पाळणा

माणिकराव खंडारे यांच्या नावात 'राव' पाळण्यातच पडला होता, त्यामुळे तो मिळवायला त्यांना पुढे वेगळं काही करावं लागलं नाही. कामरगाव ते कारंजा या रस्त्यावर त्यांनी एकवीस वर्षं जीप चालवली. त्यातली शेवटची अकरा वर्षं जीपच्या मागे लोकांच्या मोटारसायकली वाहिल्या. जीपवर घर चाललं, पण ओळख झाली ती मोटारसायकलींमुळे.

त्याआधी बंद पडलेली मोटारसायकल जीपच्या टपावर चढवायची रीत होती. चार माणसं खालून ढकलत, दोन वरून ओढत, आणि सहाच्या सहा जण एकाच वेळी सूचना देत. टाकीतलं पेट्रोल झाकणातून झिरपून खिडकीशी बसलेल्याच्या खांद्यावर उतरे. एकदा ते एका नवरदेवाच्या मामाच्या फेट्यावर उतरलं. मामा तेव्हा बिडी पेटवायच्या बेतात होते. त्या लग्नानंतर माणिकरावांनी टपाचा कारभार बंद केला.

जीप जुनी घेतलेली. आधीचा मालक तिच्यामागे फवारणीच्या पाण्याची टाकी जोडून शेतात न्यायचा, म्हणून मागच्या बंपरखाली एक जाड लोखंडी हुक होता. त्या हुकाकडे बरेच दिवस बघून झाल्यावर माणिकराव कारंजातल्या धरमसिंग वेल्डरकडे गेले आणि दुकानापुढच्या फरशीवर त्यांनी खडूनं आकृती काढली. हुकाच्या जागी चौकोनी पाइप, त्यात शिरणारा दुसरा पाइप, दोन्हींतून आरपार एक पिन, आणि त्यावर चाकं बसतील एवढी लांब लोखंडी पन्हळ. मोटारसायकल तिच्यात जीपच्या पाठीशी आडवी उभी राहणार. धरमसिंगनं आकृतीभोवती एक फेरी मारली.

"लेकरू झोपवाचं हाये का यात?"

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव पाळणा.

पाळणा भरला की जीपचं मागचं दार उघडत नसे, आणि मागच्या बाकांवरच्या प्रवाशांना पुढच्या सीटवरून चढून आत जावं लागे. नंबरप्लेट झाकली जाई, म्हणून माणिकरावांनी फळीवर नंबर रंगवून घेतला होता आणि ती मोटारसायकलीला टांगत. मागे वजन पडलं की जीपचं तोंड वर होई आणि स्टिअरिंग हलकं लागे. म्हणून जाड माणसाला ते आग्रहानं पुढे बसवत. त्या माणसाला वाटे आपला मान ठेवला.

खरी गोष्ट मात्र बांधण्यात होती. ती त्यांना वडिलांकडून आली. पुंजाजी खंडारे भाड्यानं बैलगाडी हाकत आणि कामरगावचा कापूस कारंजाच्या बाजारात नेत. कापूस भरला की दोन गडी वर चढून तो तुडवत, आणि ते वर असतानाच पुंजाजी दोर ओढत. गडी खाली उतरले की दबलेला कापूस उसळून वर यायला बघे आणि दोर आपोआप ताठ होई. मोकळा कापूस बांधला तर तो रस्त्यात बसतो, दोर ढिला पडतो, आणि अर्धी गाडी ओढ्यात जाते. मोटारसायकलीचंही तसंच, असं माणिकरावांचं मत होतं. तिच्या पोटात कापसाऐवजी स्प्रिंगा आहेत एवढाच फरक. म्हणून त्यांचा नियम: मालकानं पाळण्यात चढवलेल्या गाडीवर बसायचं, अंगाचा सगळा भार टाकायचा, मग माणिकराव दोर आवळणार, आणि गाठ बसली की मालकानं उतरायचं. उतरवतानाही तसंच, कारण ताठ दोराची गाठ भार टाकल्याशिवाय सुटत नाही. भर बाजारात जीपच्या मागे हवेत मोटारसायकलीवर बसलेला माणूस हातपाय कुठे ठेवावेत या विवंचनेत असे आणि लोक त्याचे फोटो काढत. पण अकरा वर्षांत पाळण्यातून एकही गाडी पडली नव्हती.

यंदा मार्चातल्या एका शनिवारी कारंजाच्या स्टँडवर राजपाल चव्हाण त्यांच्याकडे आला. इंझोरीच्या पुढे एका तांड्यावर त्याचं घर. पाच हिवाळे ऊसतोडीला जाऊन आल्यावर त्याला कारंजात घरोघर पार्सल पोचवायचं काम मिळालं होतं. काम सोमवारपासून, अट एकच, मोटारसायकल स्वतःची हवी. ती त्यानं घेतली होती आणि ती बायपासवरच्या शोरूममध्ये उभी होती.

"मंग चालवत ने न," माणिकराव म्हणाले. "नवी गाडी पाळण्यात घालाले तिले काय झालं?"

"तिले काई नाई झालं काका. याडीले झालं."

याडी म्हणजे त्याची आई, रामीबाई. सहा वर्षांपूर्वी थोरला मुलगा गोविंदसिंग अशीच नवी गाडी शोरूममधून घेऊन निघाला, आणि घर यायच्या आत एका वळणावर पडला. पायात सळई घालावी लागली. आता तो तांड्यावर किराणा दुकान चालवतो आणि बसूनच चालवतो. रामीबाईनं ती गाडी आठवड्यात विकायला लावली आणि देवीपुढे बोलून ठेवलं की पुन्हा गाडी आली तर तिचं चाक आधी माझ्या दारात फिरेल. पूजा होईपर्यंत चाक रस्त्याला लागायचं नाही आणि माणूस सीटवर बसायचा नाही. यातलं काही चुकलं तर गाडी अंगणातूनच परत. सोमवारच्या कामाचं तिला सांगून झालं होतं. तिनं ते ऐकूनही घेतलं होतं.

"चाकाचं पाह्यतो मी," माणिकराव म्हणाले. "पन बसल्याशिवाय मी बांधत नाई."

"बसलो तं घरात घेत नाई."

माणिकरावांनी पाळण्याचा दोर हातात घेऊन ओढून पाहिला. मग, "बरं, पाह्यतो," म्हणाले. आयुष्यात त्यांनी हे दोन शब्द फार कमी वेळा वापरले होते, आणि याही वेळी वापरायला नको होते.

जीपमध्ये तेव्हा मागच्या बाकावर भागिरथाबाई होत्या. इंझोरीच्या. कामरगावला लेकीकडे जाऊन आल्या होत्या आणि लेकीच्या शेतातल्या गव्हाची दोन पोती बरोबर होती. माणिकराव इंझोरीकडे निघालेत म्हटल्यावर त्या कारंजाला उतरल्याच नाहीत. शोरूमच्या चार माणसांनी मोटारसायकल उचलून पन्हळीत ठेवली. माणिकरावांनी दोराला पाय लावून, अंग मागे टाकून, होता तेवढा जोर केला. खिडकीतून भागिरथाबाई बघत होत्या.

"माणिका, आज कोनी वर नाई बसलं गा?"

"नवस हाये."

"गाडीचा का पोट्ट्याचा?"

"तुमी तोंड पुढं करून बसा, भागिरथामाय."

पण बाक जीपच्या कडेला लांबीनं लावलेला, आणि मागच्या काचेशी मोटारसायकल. भागिरथाबाईंना दुसरं बघायलाच काही नव्हतं.

गाव सुटलं. पहिल्या दोन गतिरोधकांपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, म्हणजे रस्ता खोदून ठेवला होता.

"माणिका," मागून आवाज आला, "हे गाडी मले मान हालवून राह्यली."

"हालवू द्या. नवी हाये."

अर्धा किलोमीटर गेला.

"आता अंग मांगं टाकून पाह्यते. मले ओयखते का काय."

माणिकरावांनी जीप बाजूला घेतली. दोघं उतरून मागे गेले. पुढचा दोर हातभर ढिला होऊन लोंबत होता. पुढचं चाक पन्हळीच्या काठावर चढलं होतं आणि आख्खी गाडी बाहेरच्या अंगाला कलली होती. अजून एक खड्डा, की ती रस्त्यावर पडली असती, आणि तिच्याबरोबर सोमवारही. माणिकरावांनी हँडल धरलं, राजपालनं मागून कॅरिअर धरलं, आणि दोघं तसेच उभे राहिले, कारण सोडायची सोय नव्हती.

"वीस किलोमीटर असंच उभं राह्यता येत नाई," माणिकराव म्हणाले. "बसतो का?"

राजपालनं नकाराची मान हलवली. त्याचं वजन सत्तर किलो होतं आणि ते सगळंच्या सगळं निरुपयोगी होतं.

"मानूसच बसू नाई म्हनलं न तुह्या मायनं?" भागिरथाबाई आतून म्हणाल्या. "पोत्याचं काई बोलली का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चाळीस-चाळीसची दोन हायेत. तुह्याहून भारीच भरतीन. आन् हात कुठं ठेवू, पाय कुठं ठेवू इचारनार नाईत."

राजपालनं एका हातानं गाडी धरून दुसऱ्या हातानं आईला फोन लावला. घरच्या बोलीत बराच वेळ बोलणं झालं. माणिकरावांना त्यातला गहू तेवढा कळला. शेवटी राजपालनं फोन छातीशी धरला.

"ते इचारते, गहू निवडेल हायेत का?"

भागिरथाबाई हा प्रश्न मनाला लावून घेतील असं क्षणभर वाटलं. "निवडून, उफनून हायेत म्हना. खडा सापडला तं माह्यं नाव बदला."

निरोप पोचला. मंजुरी आली.

पोती बाहेर काढायला मागचं दार उघडत नव्हतं, म्हणून ती पुढच्या सीटवरून आली. गाडी राजपालनं धरून ठेवली; रस्त्याच्या कामावरचा एक मजूर मदतीला आला आणि काय चाललंय हे न विचारता हात लावून परत गेला. दोन पोती सीटवर एकावर एक चढली, स्प्रिंगा दबल्या, चाक पन्हळीत खाली बसलं. माणिकरावांनी दोर आवळला, गाठ मारली, पोती उतरवली. दोर ताठ झाला. त्यांनी त्यावर बोटानं टिचकी मारली, तर तो वाजला.

पुढचा सगळा रस्ता भागिरथाबाई गाडीबद्दल बोलल्या नाहीत, म्हणजे गाडी हलत नव्हती. इंझोरीला पोत्यांसकट उतरताना त्यांनी राजपालला एवढंच बजावलं, "पह्यले माह्यं पोतं बसलं हाये. पेढा मले आला पाह्यजे."

तांड्यावर रामीबाई अंगणात ताट घेऊन उभ्या होत्या. बारीक बाई, वारा आला तर पदराबरोबर जातील अशा. शेजारी सून निता, राजपालची बायको, हातात झेंडूचा हार. गोविंदसिंग दुकानासमोरच्या खुर्चीवर. रामीबाईंनी आधी चाकं पाहिली, मग सीटवरून हात फिरवला आणि बोटांना लागलेली भुकटी पाहिली.

"गहूच हाये," माणिकराव म्हणाले.

"रस्त्यानं काई झालं का?"

राजपाल अंगणातल्या कडुनिंबाकडे बघायला लागला. माणिकरावांना 'नाही' म्हणता आलं असतं. पण अकरा वर्षांत कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता, त्यामुळे खोटं उत्तर तयार नव्हतं.

"दोर ढिला झालता. पडत होती, पन पडली नाई. बसवल्याशिवाय बांधली, ते माही चूक."

"बसवलं काहून नाई?"

"तुमीच नाई म्हनलं न, मावशी."

"म्हंजे माह्या नवसानं पडत होती?"

"तसं मी म्हनलो नाई."

गोविंदसिंगनं सळईचा पाय सरळ केला. रामीबाई हातातल्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या आणि राजपालला सोमवार अंगणातूनच परत चाललेला दिसला.

"उतरव खाली," त्या अखेर म्हणाल्या.

"तेच सांगाचं होतं," माणिकराव म्हणाले. "दोर ताठ हाये. सोडाचा तं कोनीतरी वर बसलं पाह्यजे. पोते इंझोरीले गेले."

रामीबाईंनी यावर फार विचार केला नाही. पूजा तिथेच, वर असलेल्या गाडीची केली. कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ पाळण्याच्या लोखंडावर फोडला. नितानं हार हँडलला घातला, तो घसरून मीटरवर आला. शोरूमवाल्यांनी गाडी तपासताना रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली होती आणि राजपालनं चावी फिरवल्यावर ते मीटरवर दिसलं असतं, हे निताला नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं. तिनं हार होता तिथेच राहू दिला.

मग रामीबाईंनी लुगडं सावरलं आणि म्हणाल्या, "खुर्ची आन."

गोविंदसिंग उठला. सहा वर्षांत दुकानाबाहेरची ती खुर्ची त्यानं पहिल्यांदाच दुसऱ्यासाठी सोडली. खुर्चीवरून रामीबाई पाळण्यात, पाळण्यातून सीटवर. हँडल त्यांनी दोन्ही हातांनी असं धरलं की जणू गाडी पळून जाणार होती. माणिकरावांनी दोराला हात लावला.

"मावशी, वजन कमी पडते."

"निता, ये व. बस माह्या मांगं."

सून मागे बसली. सासूच्या कमरेला धरावं की नाही, याचा तिनं थोडा विचार केला आणि मग धरलं. स्प्रिंगा दबल्या. गाठ सुटली.

"झालं, उतरा आता," माणिकराव म्हणाले.

"दुसरा दोर सोड," रामीबाई म्हणाल्या. त्यांना तिथून आता ओढ्यापलीकडचा रस्ता आणि गोविंदसिंग पडला ते वळण दिसत होतं, आणि त्या तिकडेच बघत होत्या. "मी बसेल हावो."

दुसरा दोर शोरूमपाशी बसल्याशिवायच बांधलेला, तो सोडायला बसण्याची गरज नव्हती. माणिकरावांनी तो सोडायला जितका लावता येईल तितका वेळ लावला. परतीच्या वाटेवर ते इंझोरीला थांबले आणि भागिरथाबाईंना रामीबाईंनी दिलेले दोन पेढे दिले. एका पोत्याला एक.